रोजनिशी मोबाइलमध्ये, प्रत कुठे?

मोबाइलवर रोजनिशी लिहिण्याचा विषय निघाला की डायरीच्या ॲप्सची नावं पुढे येतात. प्रत्यक्षात अनेकांची रोजनिशी त्या ॲप्समध्ये नसतेच. ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये असते, फोनबरोबर आलेल्या नोट्समध्ये असते, गूगल कीपच्या रंगीत चौकटींत असते, ईमेलच्या न पाठवलेल्या मसुद्यांत असते. स्वतःला मेसेज पाठवायची रीतसर सोय व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिली. त्याआधी लोक दोघांचा ग्रुप करून दुसऱ्याला काढून टाकत आणि उरलेल्या एकट्याच्या ग्रुपमध्ये किराणा, हिशेब, औषधांच्या वेळा आणि मनातलं असं सगळंच लिहीत. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं ती तारीख, वडिलांच्या साखरेचे आकडे, विहिरीला पाणी कुठवर आलं, मुलाखतीत काय विचारलं, रात्री झोप का लागली नाही, ही सगळी रोजनिशीच. लिहिणाऱ्याने तिला तसं नाव दिलेलं नसतं एवढंच.

साधनं भरपूर आहेत आणि चांगलीही आहेत. अडचण आहे ती निराळी. वहीत लिहिणं आणि ठेवणं हे एकच काम होतं. फोनवर त्याची दोन कामं झाली आणि त्यातलं दुसरं आपल्या माथी आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ॲप बघून घेईल, कंपनी बघून घेईल, ‘सगळं ड्राइव्हवर असतं’ अशी समजूत असते. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा मदरबोर्ड गेला की मग शोधाशोध सुरू होते. तोवर दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही, कारण आजच्या फोनमधली साठवण कूटबद्ध असते आणि ती उघडणारी किल्ली त्या बिघडलेल्या बोर्डाशीच जखडलेली असते. सरकारच्या ‘संचार साथी’वर जाऊन चोरीचा फोन बंद पाडता येतो, पण त्यातला मजकूर काही त्यामुळे परत मिळत नाही.

म्हणून वहीच बरी होती, असं मात्र मला वाटत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा माणसांच्या आणि संसाराच्या नुकसानीपुढे कागदांचा हिशेब कोण ठेवणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पंचगंगा-कृष्णेचं पाणी दिवसच्या दिवस घरांत राहिलं. तळमजल्यावरच्या कपाटातली वही अशा वेळी वाचत नाही, कारण ती एकच असते. पूर नसला तरी वाळवी आहे, घर बदलताना काढलेली रद्दी आहे. फोनवरच्या मजकुराची दुसरी, तिसरी, चौथी प्रत काढायला मात्र काही मिनिटं लागतात आणि पैसे जवळजवळ लागतच नाहीत. वहीला हे कधीच शक्य नव्हतं. ही सोय न वापरता फोनवर लिहीत राहणं म्हणजे वहीचे तोटे तसेच ठेवून वर फोनचेही पदरात घेणं.

आता ॲप्सकडे वळू. नावाजलेल्यांपैकी ‘डे वन’ २०११ साली आयफोन आणि मॅकसाठी आलं आणि २०२१ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने ते विकत घेतलं. ‘जर्नी’ गूगल ड्राइव्हच्या आधाराने वाढलं. ‘डायरियम’ विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हीकडे चालतं. ‘डेलिओ’त तर लिहिण्याचीही सक्ती नाही; मनःस्थिती दाखवणारा चेहरा निवडायचा आणि दिवसभरात काय केलं त्याच्या चिन्हांवर बोट ठेवायचं. ॲपलने डिसेंबर २०२३ मध्ये आयओएस १७.२ बरोबर स्वतःचं ‘जर्नल’ दिलं. ते आधी फक्त आयफोनवर होतं, आयपॅड आणि मॅकवर पोचायला २०२५ उजाडलं. गूगलनेही २०२५ मध्ये पिक्सेल १० बरोबर आपलं जर्नल आणलं. याशिवाय ‘जॉप्लिन’, ‘ऑब्सिडियन’ ही मूळची टिपणांची ॲप्स आहेत, पण त्यांत रोजनिशी ठेवणारे पुष्कळ आहेत.

यातलं कोणतं चांगलं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दिसणं, रंग, ‘वर्षभरापूर्वी आजच्या दिवशी’ अशी आठवण करून देणं, हे जवळपास सगळ्यांकडे कमीअधिक आहे. पहिला प्रश्न असा विचारायला हवा की मी लिहिलेली अक्षरं शेवटी कुठे जाऊन बसतात. काही ॲप्स ती कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात. काही ती आपल्याच गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडमध्ये ठेवतात. ऑब्सिडियनसारखी मोजकी ॲप्स ती साध्या मजकुराच्या फाइल म्हणून आपल्या फोनच्या फोल्डरमध्ये ठेवतात; ॲप नसलं तरी तो फोल्डर कुठल्याही संगणकावर उघडतो. पहिल्या प्रकारात सोय जास्त, तिसऱ्यात ताबा जास्त. वीस-तीस वर्षं लिहायचा विचार असेल तर माझा कौल ताब्याला आहे, कारण इतकी वर्षं टिकणाऱ्या कंपन्या या धंद्यात फार थोड्या.

ओहलाइफचं उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या सेवेला ॲपही लागत नव्हतं. रोज रात्री ईमेल यायची, आजचा दिवस कसा गेला असं विचारणारी. तिला उत्तर पाठवलं की ती नोंद जमा व्हायची. सोबत जुनी एखादी नोंद यायची. इतकी साधी, इतकी प्रेमाने केलेली गोष्ट ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाली. चालवणाऱ्यांनी आधी कळवलं आणि सगळं लिखाण मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची मुदत दिली, हा त्यांचा चांगुलपणा. ती मुदत ज्यांनी पाळली त्यांचं लिखाण वाचलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झालं, ज्याच्या स्क्रॅपबुकात आपल्याकडच्या एका पिढीची कॉलेजची वर्षं होती. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं. त्याच्या महिनाभर आधी मायस्पेसने कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत हरवलं. बंद न पडताही दार अरुंद होऊ शकतं. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची आणि एका वहीची मर्यादा घातली. जुनी टिपणं वाचता येत होती, पण नवी भर घालायची तर पैसे भरायचे किंवा चंबूगबाळं उचलायचं. म्हणून नवं ॲप घेताना आत शिरण्याआधी बाहेर पडायचं दार पाहावं. ‘एक्स्पोर्ट’ आहे का, त्यातून काय हाती येतं, फोटो सोबत येतात का, तारखा टिकतात का, आणि ही सोय फुकट आहे की वर्गणी भरणाऱ्यांपुरतीच?

दुसरा गैरसमज सिंकबद्दलचा. फोन, टॅब आणि लॅपटॉप तिन्हीकडे तीच डायरी दिसते, म्हणजे तीन प्रती झाल्या असं वाटतं. तसं नसतं. सिंकचं काम सगळीकडे सारखं ठेवण्याचं, त्यामुळे एकीकडे खोडलेलं सगळीकडे खोडलं जातं. लहान मुलाच्या हातात फोन असताना एखादी नोंद उडाली, तर ती तिन्हीकडून उडते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. बॅकअप म्हणजे मूळ मजकुराशी नातं तोडलेली, जुन्या तारखेची प्रत. मूळ बिघडलं तरी ती बिघडत नाही, हेच तिचं काम.

अँड्रॉइडचा आपोआप होणारा बॅकअप नीट समजून घ्यायला हवा, कारण भरवसा बहुधा त्याच्यावरच असतो. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे. फोन चार्जिंगला, वायफायवर आणि निवांत असताना ॲप्सची माहिती गूगलकडे जाते. पण दर ॲपमागे मर्यादा २५ एमबीची. शिवाय ॲप बनवणारा ही सोय बंदही ठेवू शकतो, आणि डायरीच्या ॲप्समध्ये गुप्ततेपोटी ती बंद ठेवलेली असू शकते. २५ एमबी म्हणजे किती, तेही पाहू. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना-वेलांटी तीन बाइट घेते. रोज तीनशे शब्द लिहिले तर साधारण सहा केबी होतात, वर्षाचे दोन एमबीहून थोडे जास्त. म्हणजे निव्वळ मजकूर अकरा वर्षं मावेल. पण फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो तीन एमबीचा धरला, तर नवव्या फोटोलाच मर्यादा ओलांडते. ती ओलांडली की त्या ॲपचा बॅकअप होतच नाही, आणि बहुतेक वेळा तसं कुणी कळवतही नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला फार आशादायक वाटते. तीस वर्षं रोज एक पान लिहिलं तरी सगळा मजकूर सत्तर एमबीच्या आत बसतो. फोनवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ जवळपास तेवढा होतो. स्टोरेज फुल होतं ते लग्नाच्या व्हिडिओंनी आणि सकाळच्या शुभेच्छांनी. रोजनिशीच्या अक्षरांचं ओझं नगण्य आहे. गूगलचे फुकटचे १५ जीबी आणि ॲपलचे ५ जीबी भरले की बॅकअप थांबतो. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही आता त्याच १५ जीबीत मोजला जातो. जागा संपल्याची सूचना रोज पुसून टाकणाऱ्याचा शेवटचा बॅकअप कितीतरी महिन्यांपूर्वीचा निघू शकतो. आयफोनचा आयक्लाउड बॅकअप बंद पडला तर जुनी प्रत १८० दिवस ठेवली जाते, पुढे पुसली जाते. म्हणून मजकूर आणि फोटो-व्हिडिओ यांचे बॅकअप वेगवेगळे ठेवावेत. फोटोंना जागा पुरली नाही म्हणून शब्द जायला नकोत.

आणखी दोन खाचा सांगतो. अनेक डायरी ॲप्स ‘तुमच्या ड्राइव्हवर बॅकअप घेतला’ म्हणतात, पण ड्राइव्ह उघडून पाहिलं तर तिथे काहीच दिसत नाही. तो मजकूर ॲपसाठी राखलेल्या अदृश्य फोल्डरमध्ये असतो. आपल्या खात्यात असूनही तो आपल्याला उघडता येत नाही, फक्त ते ॲप उघडू शकतं. आणि ड्राइव्हच्या सेटिंगमधून त्या ॲपचा संबंध तोडला की फोल्डरही जातो. दुसरी खाच फोनमधल्याच बॅकअपची. ॲपने बॅकअपची फाइल स्वतःच्या खासगी फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर ॲप काढताना फाइलही पुसली जाते. ‘नीट चालत नाही, काढून परत टाकून बघ’ हा आपल्याकडचा सर्रास सल्ला या ठिकाणी घातक ठरतो.

व्हॉट्सॲपवर स्वतःशी बोलणाऱ्यांनी एवढं करावं. ‘एक्स्पोर्ट चॅट’ने त्या संवादाची मजकुराची फाइल निघते, तारीख-वेळेसकट. ती दर काही महिन्यांनी काढून ठेवावी. व्हॉट्सॲपचा नेहमीचा बॅकअप व्हॉट्सॲपशिवाय कशातच उघडत नाही आणि तो त्या मोबाइल नंबरशी बांधलेला असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांचे काही प्रश्न खास आपले आहेत, आणि ॲप्सच्या परिचयांत त्यांचा उल्लेख सहसा नसतो. लिहिण्याची बाजू आता बरीच सोपी झाली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ने मोबाइलवरच्या भारतीय लिप्यांसाठी वेगळा कळफलक करून दाखवला, २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहिता येतं. टंकायचा कंटाळा करणारी वडीलधारी मंडळी बोलून पानभर मजकूर सहज घालतात. त्यात विरामचिन्हं नसतात, गावाकडचे शब्द चुकतात, म्हणून मूळ आवाजही ठेवावा असं मी सांगेन. बोलण्याचं मिनिट अर्ध्या एमबीच्या आसपास बसतं, आणि आजीचा आवाज अक्षरांत उतरत नाही.

प्रश्न येतो शोधताना. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला रफार नसलेला र काही कळफलक नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, तर काही साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चंही तसंच, तो एक अक्षर म्हणून लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. फोन बदलला, कळफलक बदलला, की जुन्या नोंदी शोधात येईनाशा होतात आणि माणसाला वाटतं नोंदच गेली. ती गेलेली नसते. अशा वेळी शब्दाचा बिनवादाचा भाग टाकून शोधावं, म्हणजे ‘दुसऱ्या’ऐवजी नुसतं ‘दुस’.

पीडीएफबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळ जण वर्षाची डायरी पीडीएफ करून निर्धास्त होतात. एक प्रयोग करून पाहा. आपल्या ॲपमधून मराठी नोंदींची पीडीएफ काढा, संगणकावर उघडा आणि त्यात ‘दिवस’ शोधा. शब्द समोर दिसत असतो आणि शोध सांगतो, सापडला नाही. पीडीएफ बऱ्याचदा अक्षरांचे आकार साठवते, अक्षरं नव्हे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी नोंदली जाते, जोडाक्षरांचे तुकडे पडतात. तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की विस्कटलेली अक्षरं बाहेर पडतात. छापायला पीडीएफ उत्तम. एकमेव प्रत म्हणून ती अपुरी, कारण तिच्यातून मजकूर पुन्हा जिवंत करता येईलच असं नाही.

एक्स्पोर्टमधून जेसन नावाची फाइल मिळाली तर घाबरू नये. ती उघडल्यावर मराठीऐवजी तिरक्या रेघा आणि आकड्या-अक्षरांची लांबच लांब माळ दिसू शकते. ती प्रत्येक मराठी वर्णाची युनिकोडमधली संख्या आहे. मजकूर पूर्ण शाबूत असतो, जाणकार माणूस तो मिनिटात परत मराठीत आणतो. साधी टेक्स्ट फाइल मिळाली तर सगळ्यांत उत्तम. हे इतकं ठासून सांगतो, कारण आपण एकदा पोळलो आहोत. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांच्या काळात टंकलेल्या मराठी फाइल आज त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. परिवर्तक आहेत, पण कोणता फॉन्ट होता हे आठवायला हवं. त्याच्याही मागे गेलो तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं फार थोडी. वाचता येणारं टिकवायचं असेल तर सर्वांत साधं, सर्वांत जास्त लोक वापरतात ते रूप निवडावं.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. प्रत जितक्या ठिकाणी, तितके ती वाचू शकणारे डोळे. कुलूप जितकं पक्कं, तितकी ती कायमची बंद होण्याची शक्यता. रोजनिशीच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि यातून प्रत्येकाने आपापला रस्ता काढायचा असतो.

खासगीपणा हा चैनीचा मुद्दा नाही. अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांतून हा परिणाम लहान असल्याचं दिसलं, पण आहे. असं लिखाण कुणी वाचणार नाही या खात्रीवरच होतं. आणि आपल्या घरांत फोन खासगी नसतो. त्याचा पिन मुलांना माहीत असतो, नवऱ्याला माहीत असतो, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून द्यायला तोच फोन दिला जातो. लांबच्या हॅकरपेक्षा जवळच्या माणसाची भीती खरी असते, विशेषतः बायकांना. त्यामुळे ॲपला फोनपेक्षा वेगळा पिन, सूचना पडद्यावर न दाखवणं आणि घरातल्या सामाईक गूगल खात्यावर बॅकअप न घेणं, या तीन गोष्टी मी कुठल्याही तांत्रिक कूटबद्धतेच्या आधी सांगेन. जिथे घरात खरोखरच धोका आहे, तिथे मोकळी नोंद फोनमध्ये न ठेवता विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवणंच शहाणपणाचं.

कूटबद्धतेचं म्हणाल तर डे वन, जॉप्लिन यांच्यात दोन टोकांमधली पूर्ण कूटबद्धता मिळते. म्हणजे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपलाही २०२१ पासून ती लावता येते, पासवर्डने किंवा ६४ अंकी किल्लीने. ॲपलने २०२२ च्या अखेरीस आयक्लाउडसाठी वाढीव संरक्षण दिलं. या सगळ्यांची अट एकच आहे. किल्ली हरवली तर कंपनी काहीही करू शकत नाही. ‘फरगॉट पासवर्ड’ची सवय लागलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. सॅम्युएल पेप्सने १६६० ते १६६९ या काळात लंडनमध्ये लिहिलेली रोजनिशी लघुलिपीत होती. त्याच्या ग्रंथसंग्रहाबरोबर ती केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा विद्यार्थी ती उलगडायला बसला आणि तीन वर्षं राबला. त्या लघुलिपीचं पुस्तक त्याच संग्रहाच्या फळीवर होतं, ते त्याला कुणी सांगितलंच नाही. किल्ली असणं पुरेसं नाही, ती कुठे आहे हे आणखी एका माणसाला ठाऊक असायला हवं. मी तर म्हणेन, किल्ली कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावी. बहुतेकांच्या बाबतीत चोरून वाचलं जाण्यापेक्षा स्वतःलाच उघडता न येण्याचा धोका मोठा आहे.

खातं आणि नंबर यांचं नातंही इथेच येतं. परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत हे वारंवार घडतं. भारतातलं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडतं, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. जुन्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. म्हणून जाण्याआधी खात्याला दुसरा नंबर, दुसरी ईमेल आणि छापून ठेवायचे बॅकअप कोड जोडून घ्यावेत. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. जुन्या ईमेलवर डायरी ठेवून विसरलेल्यांनी निदान एकदा आत जाऊन यावं.

आपल्यामागे काय, हे ठरवायची सोय आता आहे. गूगलमध्ये २०१३ पासून निष्क्रिय खात्याची व्यवस्था करता येते: इतके महिने मी फिरकलो नाही तर अमुक माणसाला ही माहिती द्या, किंवा सगळं पुसून टाका. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरात वारसदार संपर्काची सोय दिली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, मृत्यूनंतर किंवा असमर्थ झाल्यावर आपले हक्क बजावायला दुसरी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. बँकेत नॉमिनी लावणारे आपण, इथे मात्र रकाना रिकामा ठेवतो. ‘पुसून टाका’ हाही सन्माननीय पर्याय आहे. रोजनिशी वाचली जावीच असा काही नियम नाही.

मग करावं काय? छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम इथे पुरतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. रोजनिशीपुरतं सांगायचं तर एक फोनमध्ये, एक क्लाउडवर आणि एक एक्स्पोर्ट केलेली फाइल हार्ड डिस्कवर, दुसऱ्या गावी बहिणीच्या किंवा भावाच्या घरी. पेन ड्राइव्ह चालेल, पण तो वर्षानुवर्षं खणात ठेवून देण्याची वस्तू नाही. वीज न मिळता पडून राहिलेल्या अशा साधनांतली माहिती कालांतराने विरते, म्हणून दरवर्षी नवी प्रत लिहावी. ३१ मार्च हा बॅकअपचा दिवस म्हणून जगभर पाळतात आणि आपलं आर्थिक वर्षही तेव्हाच संपतं. कराचे कागद गोळा करताना हेही उरकून घ्यावं. वर्षाचा मजकूर डीटीपीच्या दुकानात छापून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवला तर आणखी चांगलं. पाठपोट छापलं तर दोनशेच्या आत कागद होतात.

आणि एकदा तरी बॅकअप परत आणून बघावा. घरातला जुना, पडीक फोन घ्या. त्यात तेच ॲप टाकून बॅकअप उतरवा. पहिली नोंद उघडा, मधल्या एखाद्या वर्षातली उघडा, कालची उघडा. नोंदींची एकूण संख्या दोन्ही फोनवर जुळते का पाहा. ‘प्रकृती’, ‘दवाखाना’ असे शब्द शोधून बघा. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जुना फोटो मोठा करा. गोल चक्र फिरत राहिलं, तर फोटो इथे आलेलाच नाही, नुसती लहान प्रतिमा आली आहे. ज्या बॅकअपची अशी परीक्षा झालेली नाही, त्याच्यावर मी विसंबत नाही.

अशा रोजनिश्या घराबाहेर जाव्यात का, हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारला गेलेला नाही. इटलीत पिएवे सांतो स्तेफानो या छोट्या गावात १९८४ पासून सामान्य माणसांच्या रोजनिश्यांचा संग्रह आहे. लंडनच्या बिशप्सगेट संस्थेत २००७ मध्ये सुरू झालेल्या डायरी प्रकल्पाने दहा हजारांहून जास्त डायऱ्या जमवल्या आहेत. दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईने, कोविडच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या नर्सने, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या मुलीने फोनवर लिहिलेलं पुढच्या संशोधकाला सरकारी अहवालांत मिळणार नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने किंवा जुन्या ग्रंथालयाने असा संग्रह सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी देणाऱ्याकडून फार काही मागावं लागणार नाही: युनिकोडमधली साधी टेक्स्ट फाइल, तारखा शाबूत, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, उल्लेख आलेल्या इतर माणसांची नावं झाकायची की नाही याची सूचना, आणि हे किती वर्षांनी उघडायचं ते लिहिलेलं, सही केलेलं पत्र.